कठड्याच्या लाकडाची मूठ

"आता नीट ऐका," म्हणत ड्रॉइंगच्या मास्तरांनी नव्या चाकूचं पातं अंगठ्यानं उघडलं. बारीक, कोरडा 'खट्' असा आवाज झाला आणि तिघांनी समाधानानं माना डोलावल्या.

सलूनला सुट्टी असे त्या दुपारी शटर अर्धं ओढून चौघं जमत. सलूनवाला स्वतः, शेजारचा केमिस्ट, शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर आणि लिफ्टवाला. लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. आरशाखालच्या फळीवर धुतलेला टॉवेल अंथरायचा आणि ज्यानं नवीन घडीचा चाकू घेतला असेल त्यानं तो त्यावर ठेवायचा. मग बाळ बघायला आल्यासारखे सगळे त्यावर वाकत. मूठ कशाची, खटका घट्ट आहे का, पातं बंद करताना मध्यावर बसतं का. त्यांच्यापैकी कुणीही आजवर सफरचंद आणि पार्सलची सुतळी यांच्यापलीकडे काही कापलेलं नव्हतं.

"घरी काय सांगितलंत?" केमिस्टनं विचारलं.

"पेन्सिली तासायला घेतला म्हटलं."

"आणि मागचा?"

"तोही पेन्सिलींनाच. बायको म्हणाली, शाळेत शिकवता की वखार चालवता?"

हसणं ओसरल्यावर केमिस्ट लिफ्टवाल्याकडे वळला. "तुझा तो कठड्याचा काढ बरं. शेजारी ठेवून बघू."

कठड्याचा चाकू हे लिफ्टवाल्याचं वैभव होतं. एका जुन्या इमारतीतली लाकडी लिफ्ट मोडीत निघाली तेव्हा तिच्या आतल्या कठड्याचा तुकडा त्यानं मागून घेतला होता. किती हातांनी धरून धरून ते लाकूड काळंभोर, गुळगुळीत झालेलं. त्याची मूठ करून त्यानं ती एका चांगल्या पात्याला बसवली आणि लिफ्टच्या बटणातलीच पितळी खीळ ठोकली. असा चाकू दुसरा असणं शक्य नव्हतं.

त्यानं खिसे चाचपले. "घरी राहिला वाटतं."

घरीही तो नव्हता. कपाटात कापडाच्या गुंडाळीत प्रत्येक चाकूला कप्पा शिवलेला होता. त्यातला एक रिकामा होता.

"काय शोधताय?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही. पोरगा कुठंय?"

"सकाळीच गेलाय. फोन उचलत नाहीये."

फोन आला तो पोलीस ठाण्यातून.

मुलगा घरोघर पार्सलं पोचवायचं काम करायचा. गॅरेजसमोर स्कूटर लावण्यावरून एकाशी बाचाबाची झाली होती. त्या दुसऱ्यानं चारचौघांत याच्या कानाखाली मारली. तिथंच ते संपायचं, पण याच्या डोक्यात ते घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा गेला, आणि मोकळ्या हातानं गेला नाही. समोरचा पोरगा त्याच्याच वयाचा, इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईचा एकुलता एक. दवाखान्यात काही दिवस झुंजला आणि गेला.

वकिलानं मुलाचं म्हणणं समजावून सांगितलं. चाकू त्या मेलेल्या पोराचा होता. त्यानंच काढला, झटापटीत आपल्या मुलाच्या हाती आला आणि लागला. "हे टिकलं तर शिक्षा खूप कमी होईल. तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचंय की हा चाकू तुम्ही कधी पाहिला नाही."

लिफ्टवाला काही बोलला नाही. वकिलाला तो होकार वाटला.

पोलिसांनी चाकूचा फोटो घेऊन सलूनही गाठलं होतं. त्या संध्याकाळी तिघं मित्र लिफ्टवाल्याच्या घरी आले. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले.

"आम्ही सांगून टाकलं, ओळखत नाही," केमिस्ट म्हणाला. "कोर्टातही तेच सांगू. जीभ झडत नाही तेवढ्यानं. तूही तेच म्हण."

"लाकडाची मूठ काय, कुणीही बसवतं," सलूनवाला म्हणाला.

"अशी?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

केमिस्ट चपला शोधायला उठला. जाताना मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दार लावून बायको त्याच्यासमोर येऊन बसली. "लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. हे एक वाक्य मागते."

"हं."

"हं नको. सांगा, म्हणाल ना?"

"म्हणेन," तो म्हणाला. त्या क्षणी त्याला ते खरंच म्हणायचं होतं. पोटचा पोर होता. चूक केली, महाभयंकर केली, तरी पोटचा होता.

तिघं मित्र कोर्टातही तेच सांगून आले. लिफ्टवाल्याच्या साक्षीच्या दिवशी बायको आत जाऊन बसली. त्याला पुकारा होईपर्यंत बाहेर थांबायचं होतं. व्हरांड्यातलं एकुलतं एक बाक भरलेलं होतं. कडेला बसलेल्या बाईनं अंग चोरून जागा केली. "बसा ना भाऊ. उभं राहून पाय भरून येतील."

तो बसला. बाईच्या उजव्या मनगटावर जुने, काळपट पडलेले चटके होते. इस्त्रीचे. ते बघितल्यावर ती कोण हे त्याला कळलं. उठून जावंसं वाटलं, पण तो बसून राहिला.

"तुमची कसली केस?" तिनं विचारलं.

"साक्ष आहे."

"मीही साक्ष देऊन आले. आत बसवेना, म्हणून बाहेर आले." ती पदराशी चाळा करत राहिली. "माझा मुलगा गेला. ते गेलं ते गेलं. पण आता म्हणतात सुरी त्याचीच होती. तोच मारायला निघाला होता म्हणे. गल्लीतली माणसंही आता तसंच बोलायला लागलीत. परवा एक बाई कपडे परत घेऊन गेली, इस्त्री न करताच. रागीट होता हो, नाही म्हणत नाही. हात उचलायचा. पण सुरी नाही. मी आई आहे, मी सांगितलं तर कोण खरं मानणार?"

काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात त्याचा पुकारा झाला. शिपायानं त्याचं नाव आडनावासकट मोठ्यानं घेतलं आणि त्यानं पाहिलं, बाईच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू बदललं. तिनं आडनाव ओळखलं होतं. त्याला जाता यावं म्हणून तिनं पाय मागे घेतले.

आत शपथ झाली. मुलगा दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. दाढी वाढली होती आणि त्यामुळे तो आणखीच लहान दिसत होता. सरकारी वकिलानं प्लास्टिकची पिशवी पुढे केली. पिशवीतून मूठ दिसत होती. तिची चकाकी गेली होती. पितळी खिळीभोवती काहीतरी वाळून काळं झालं होतं. ते लाकडाचं नव्हतं.

"हा चाकू ओळखता?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात पर्सवर गच्च दाबले होते आणि ओठ हलत होते, जणू त्याचं वाक्य तीच आधी म्हणून बघत होती. मागच्या दारातून इस्त्रीवाली बाई आत येऊन भिंतीला टेकली होती.

"ओळखता का?"

"हो," तो म्हणाला. "माझा आहे."

"नक्की?"

"मूठ मीच बसवलीय. माझ्या कपाटात असायचा."

बचावाच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर सोसलं असतं. लहानपणी गर्दीत हात सुटल्यावर तो जसा बघायचा तसा बघत होता.

मुलाला जन्मठेप झाली. घरी आल्यावर बायकोनं स्वयंपाक केला, त्याचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर घर निदान वाजतं राहिलं असतं. गुंडाळीतले बाकीचे चाकू त्यानं एका पोत्यात भरले आणि एका कामावरून येताना भंगारवाल्याकडे टाकून आला. भंगारवाल्यानं वजन करायला घेतलं तेव्हा तो चालू लागला होता.

एकदा तो सलूनमध्ये गेला. शटर अर्धं ओढलेलं होतं, आतून हसण्याचा आवाज येत होता. वाकून आत गेल्याबरोबर हसणं थांबलं आणि सलूनवाल्यानं टॉवेल गुंडाळून घेतला. टॉवेलात काहीतरी होतं, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

"ये," मास्तर म्हणाले. "बैस."

"तू खरा झालास," केमिस्ट दुसरीकडे बघत म्हणाला. "आम्ही शपथेवर खोटे पडलो. दुकानाचं लायसन्स राहतंय की जातंय, रोज धास्ती असते. तुला खोटं बोलायचं नव्हतं तर तेव्हाच सांगायचंस. आम्हीही खरं सांगितलं असतं."

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं," लिफ्टवाला म्हणाला.

ते खरं होतं. सलूनवाल्यानं खुर्ची पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. लिफ्टवाला वाकून बाहेर पडला. पुन्हा गेला नाही.

मुलाला भेटायला बायको दर महिन्याला तुरुंगात जाते. पहिल्या खेपेला तोही गेला होता, पण मुलानं निरोप पाठवला, फक्त आई. तेव्हापासून तो तिच्या मागोमाग जातो. बसमध्ये दोन बाकं सोडून बसतो. फाटकाशी पोचल्यावर ती पर्स त्याच्या हातात देते, कारण आत नेऊ देत नाहीत, आणि नावं घेणाऱ्या खिडकीकडे जाते. तो समोरच्या भिंतीच्या सावलीत पर्स दोन्ही हातांनी धरून उभा राहतो. बायकांची पर्स धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पहारेकरी सुरुवातीला बघायचे. आता बघत नाहीत.

या खेपेला तिला बाहेर यायला उशीर झाला. ती आली, पर्स घेतली, चष्मा काढून पदरानं पुसला.

"बारीक झालाय," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून त्याला आधी वाटलं, ती दुसऱ्याच कुणाशी बोलते आहे. मग तो दबकत तिच्याजवळ सरकला.

"माझं काही विचारलं का त्यानं?"

ती रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली.

"बस आली," ती म्हणाली. आणि दोघं थांब्याकडे चालू लागली.