दारावरचा पाचवा

मी पाचवा बोलतोय. गाडीला चाकं किती, असं कुणालाही विचारा, चटकन 'चार' म्हणून मोकळे होतात. मागच्या दारावर बोल्टांनी आवळलेला मी कुणाच्या खिजगणतीतच नसतो. लोक मला स्टेपनी म्हणतात. मी मात्र स्वतःला पाचवाच म्हणतो, कारण आम्ही पाच भाऊ एकाच कारखान्यातून या गाडीसाठी आलो. चौघांना जमीन मिळाली आणि मला दार.

खोटं कशाला बोलू, मी जन्मभर जळत आलो. चौघं चिखलातून, खडीतून, ओढ्यातून हुंदडून यायचे. घरी आल्यावर मालक पाइप लावून त्यांना न्हाऊ घालायचे. पंपावर चौघांची हवा तपासून झाली की माझ्यापाशी येऊन हात झटकायचे. "याचं काय बघायचं? हा कुठे पळतोय!" मला रस्ता दिसायचा तोही मागे पडलेला. एकदा, फक्त एकदा जमिनीला टेकावं, एवढीच माझी इच्छा होती.

माझी दखल घेणारं एकच माणूस होतं, मालकांच्या सासूबाई. त्या लेकीकडेच राहतात आणि त्यांचे गुडघे धरलेले असतात. गाडीमागून जाताना त्या माझ्यावर हात टेकायच्या, क्षणभर थांबायच्या. "तापलाय हो बिचारा उन्हाने," असंही कधी म्हणायच्या. तेवढ्यावर मी महिना काढायचो.

जळण्याच्या बाबतीत मालक माझेच भाऊ शोभले असते. त्यांचे साडू, म्हणजे सासूबाईंचे थोरले जावई, टेकडीवर घर बांधून राहायला गेले आणि त्यांनी नवी कोरी उंच गाडी घेतली. ती आमच्या फाटकाशी उभी करून ते आमच्या गाडीच्या टपावर कोपर टेकत म्हणाले, "काय हो, ही अजून चालते?" मालक हसले. पण त्यांचे हात पाठीमागे होते, आणि त्या आवळलेल्या मुठी मला दिसत होत्या.

आठवड्याच्या आत गाडी गॅरेजात गेली. दबलेले जुने स्प्रिंगचे पाटे काढून उंच कमानीचे नवे पाटे आले, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले. मोठे टायर वळताना घासू नयेत म्हणून मडगार्डचा पत्रा कापला. "फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे, दिसायलाही तशी पाहिजे," मालक गाडीभोवती फिरत म्हणाले.

"अहो, टायर चारच घेताय? पाचवा नको?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एवढा मोठा मागच्या दाराला बसत नाही. तिथला ब्रॅकेट बदलावा लागेल. बघू नंतर. आणि तो कधी लागलाय का आपल्याला?"

माझे चारही भाऊ उतरले. दोघांमध्ये माती भरून फुलझाडं लावली, एक शेजाऱ्यांनी नेला, एकाचा झाडाला झोका बांधला. मला त्यांचाही हेवा वाटला, बघा. आयुष्यभर रस्त्यांवर उंडारले आणि म्हातारपणी वर झोके! त्यांच्या जागी आलेले चौघं एकेक दांडगट, नव्या रबराचा वास मारणारे, माझ्याहून डोकंभर उंच. त्यांचा तोरा काय सांगावा! माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सासूबाईंना गाडीत चढता येईना.

"जावईबापू, आता मला शिडी आणा," त्या म्हणाल्या. मग एक बुटका लाकडी स्टूल त्यांच्यासोबत फिरू लागला.

अशाच एका रविवारी तो स्टूल घेऊन सगळे साडूंकडे जेवायला निघाले. टेकडीच्या पायथ्याशी चांगला रस्ता सोडून मालकांनी गाडी दगडधोंड्यांच्या वाटेवर घातली. "मागच्या अंगाने चढून थेट फाटकात उभे राहू. बघतच राहतील!" थोडं वर गेलो आणि फस्स आवाज आला. पुढचा डावा दांडगट धारदार दगडाने कुशीत फाटला होता.

मला आनंद झाला. लपवत नाही.

मालकांनी जॅक लावला, फिरवत राहिले. जॅक पुरता वर आला, गाडी मात्र हललीसुद्धा नाही. गाडी उंच केली, पण जॅक जुनाच राहिला होता! शेवटी त्यांनी जॅकखाली सपाट दगड रचले. तेही पुरेनात, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच आपला स्टूल पुढे केला. मग मालक माझ्याकडे वळले. गंजलेले बोल्ट कुरकुरत सुटले.

"हवा आहे का त्यात?" मालकीणबाईंनी विचारलं.

कित्येक वर्षांत कुणी बघितलीच नव्हती. आता, नेमक्या या घडीला, मी रिकामा निघालो तर? मालकांनी मला अंगठ्याने दाबलं, लाथ मारून पाहिली.

"कमी आहे थोडी. पण चालेल."

चालेल! हा शब्द माझ्याबद्दल कुणी कधी उच्चारला नव्हता. नट आवळून झाले, जॅक खाली येता येता स्टूल काडकन मोडला, आणि मी जमिनीला टेकलो. खाली खडे होते, गरम माती होती. मला रडू कोसळायचंच बाकी होतं.

गाडी माझ्या बाजूला कलली होती. सासूबाई मोडक्या स्टुलाकडे बघत उभ्या होत्या. मग पुढच्या डाव्या दाराशी आल्या, दांडीला धरलं, पाय उचलला.

"अगं, या बाजूने जमतंय की मला!"

आणि त्या चढल्या, कुणाचाही हात न धरता.

मालकांनी गाडी परत फिरवली आणि चांगल्या रस्त्याने हळूहळू वर नेली. पुढे काय येतंय ते मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फाटकात साडू पोट धरून हसले. "एवढा खटाटोप करून लंगडत आणलीत?"

मालकांचा चेहरा उतरला. सासूबाई सावकाश उतरल्या आणि माझ्यावर हात टेकून म्हणाल्या, "हसू नका. तुमच्या गाडीत मला दोघांनी उचलून बसवावं लागतं. आज याच्यामुळे माझी मी चढले."

साडू पुढे झाले आणि त्यांना हात देऊन घरात घेऊन गेले.

पुढे नवा ब्रॅकेट आला, पाचवा दांडगटही आला, आणि मी भंगारात जायला निघालो. सासूबाईंनी अडवलं. "तो कुठेही जाणार नाही." आता मी फाटकाशी आडवा असतो, माझ्यावर जाड फळी ठोकली आहे. गाडी येऊन उभी राहते, त्या माझ्यावर पाय देतात आणि चढतात.

तुमच्याही गाडीमागे असा एखादा असेल. पंपावर गेलात की त्याचीही हवा बघा. त्याला तेवढंही पुष्कळ होतं.

परवा सासूबाई माझ्यावर पाय ठेवून चढल्या आणि गाडी सुटली. मागच्या दारावरून तो नवा पाचवा वळणापर्यंत माझ्याकडे बघत होता. ती नजर मी चांगली ओळखतो. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.