माझ्या अंगावर भुऱ्याचा दात

मी धनीबाईच्या उजव्या मनगटावरची बांगडी बोलतेय. काचेची नव्हे हो, हाडाची. पांढरी, रुंद, जाड. काचेच्या बांगड्या किणकिणतात. मी ठणकावून बोलते. सवय मालकिणीची लागली.

एका कारागिराने मला चरकावर घासून गोल केलं. मग लग्नात आम्हा साऱ्याजणींचा चुडा तेल लावून धनीबाईच्या हातात चढवला. बंजाऱ्याच्या बाईचा हात पार कोपरापर्यंत पांढरा असतो. त्यात मी सगळ्यांत पुढची. चुलीची धग पहिल्यांदा मला, गोवऱ्यांचं शेणही पहिल्यांदा मला. आणि रोज सकाळी कुत्र्याची लाळसुद्धा मलाच.

हसू नका. तांडाही हसायचा. “धनीबाईच्या कुत्र्याले आता आरसा आणा,” म्हणायच्या बाया. पण तिचा आधीचा कुत्रा दात किडून बोळका झाला होता. लांडग्याने त्याच्यादेखत करडू ओढून नेलं आणि तो नुसता भुंकत राहिला. तेव्हापासून धनीबाईने धरलं ते धरलं. राखणदाराचे दात म्हणजे घराचं कुलूप, ते गंजू द्यायचं नाही.

नवा कुत्रा भुऱ्या पिल्लू होता तेव्हापासून तिने त्याला ही सवय लावली. बाभळीची कोवळी काडी घ्यायची, काटे खुडायचे, टोक दगडावर ठेचून मऊ करायचं, गोवरीच्या राखेत बुडवायचं. भुऱ्याची मान दोन्ही गुडघ्यांत धरून डाव्या हाताने ओठ वर करायचा आणि उजव्याने हळूहळू घासायचं. मी त्याच्या नाकावर टकटक आपटायचे. त्याला ते आवडायचं की नाही, देव जाणे. पण पळून कधी गेला नाही.

ज्या साली तांड्यातल्या बाया पहिल्यांदा मत टाकून आल्या, त्या सालच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. धनीबाई भाच्याच्या लग्नाला मेडशीकडे गेली होती. मीही गेले, हात जाईल तिथे मी. बैलगाडीतून परत आलो, तर दारात माणसांचा घोळका. मधे खुंट्याला भुऱ्या बांधलेला. तोंडातून लाळेची तार लोंबतेय, मान खाली, डोळे लाल. कोणी पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं की मागे सरायचा.

घोळक्यात खालच्या गावचे मारोतराव होते. महिन्यापूर्वी त्यांचं वासरू पिसाळलेल्या कुत्र्याने फोडलं होतं आणि ते हंबरत, फेस गाळत मेलं होतं. त्या माणसाची भीती खोटी नव्हती, हे मीही कबूल करते. तांड्याचे नाईक रतनसिंग कुऱ्हाड घेऊन उभे होते.

“धनी, पाणी पाहून तोंड फिरवून राह्यला तो,” नाईक म्हणाले. “आता काय पाह्यचं राह्यलं?”

“त्याचं तोंड पाह्यचं राह्यलं. सारे बाहेरून पाहून राह्यले, आतून कोणी पाह्यलं?”

“आतून पाह्यले जो गेला, तो मेला,” मारोतराव म्हणाले. “माह्या वासराले इचारा.”

तेवढ्यात धनीबाईची सून, सुंदरबाई, पुढे आली. पदर तोंडात कोंबलेला. सासूला हळूच म्हणाली, “याडी, तू नव्हती तवा म्या घासले त्याचे दात. तुहा नेम मोडू नये म्हणून. त्यानं हिसका देल्ला, अन् काडी तुटली. मले वाटलं, खाली पडली.”

“ठेचली होती काडी?”

“नाई.”

“काटे काढले होते?”

सुनेने नकारार्थी मान हलवली. धनीबाई तिच्यावर रागावली नाही. तिने मला मनगटावर घट्ट पुढे सारलं. मला तिची नाडी लागत होती, नुसती उडत होती. बाई घाबरली होती, हे फक्त मला ठाऊक. अंदाज चुकला असता, तर पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालणारीचं काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

नाईकांनी कुऱ्हाड खांद्यावर घेतली. “दात लागला, तर मी थांबणार नाही.”

“नका थांबू.”

ती बसली. मान गुडघ्यांत धरली, रोजच्यासारखी. डाव्या हाताने ओठ वर केला, रोजच्यासारखा. आणि उजवा हात आत घातला. कढत, ओला, कुजका वास. तिचं बोट टाळूवरून मागे सरकलं, पार शेवटच्या दाढेपर्यंत. भुऱ्या कळवळला आणि त्याचा जबडा मिटला.

कट्. सुळा माझ्यात रुतला.

कुऱ्हाड वर गेली. आम्ही दोघी हललो नाही. मी तडकले असते, तर दात थेट तिच्या शिरेत. आयुष्यात एकदाच मी जीव खाऊन टिकले, ते तेव्हा.

“बांगडीवर हाय, नाईक,” धनीबाई म्हणाली. आवाज सपाट. “हातावर नाही. तो दाबून नाई राह्यला.”

खरं होतं. दात टेकला होता, पण पुढे जोर नव्हता. ओळखीच्या बांगडीवर येऊन तो थांबला होता. हळूहळू जबडा सैल झाला आणि हात बाहेर आला. चिमटीत काडीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, काट्यासकट. दोन दाढांच्या मधे टाळूला आडवा अडकलेला.

तिने तो नाईकांच्या तळहातावर ठेवला. कुऱ्हाड खाली आली. मग मारोतरावांनीच काठीच्या टोकाने पाण्याचं घमेलं पुढे ढकललं. भुऱ्याने हुंगलं. एक थेंब चाटला, थांबला. मग जो प्यायला लागला, तो घमेल्याचा तळ दिसेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी धनीबाईने सुनेला दगडापाशी बसवलं आणि काडी ठेचायला शिकवली. बास, तेवढीच शिक्षा.

आता मी पिवळी पडलेय, कडा झिजल्यात. भुऱ्या म्हातारा होऊन गेला. परवा पोहरादेवीच्या जत्रेत एका बांगडीवाल्याने मला निरखलं आणि म्हणाला, “बाई, हा खड्डा घासून देतो, नवी दिसन.”

धनीबाईने हात मागे ओढला.

“राहू दे,” म्हणाली. “मी मताच्या पेटीपाशी गेली, तवा माह्या बोटाले शाई लावली, का बाई येऊन गेली म्हून. हा माह्या भुऱ्याचा अंगठा हाय. तो पिसाळला नव्हता, शहाणा होता, असं यानं लेहून देल्लं.”