येळवशीआधी पिकलेली तूर

नवं बियाणं महिनाभर आधी पिकतं, हे कृषी सहायकानं सोजरला सांगितलं होतं; मार्गशीर्ष अमावस्येच्या, म्हणजे येळवशीच्या पूजेआधी तूर न कापायच्या घरच्या रीतीचं काय करायचं, ते मात्र सांगितलं नव्हतं. दिवाळी झाली न झाली तोच तूर वाळून खुळखुळायला लागली. तिनं विळा उचलला, तर सासू दारातच आडवी बसली.

"येळवशीची पूजा व्हायच्या आधी तूर कापतीस? लक्ष्मीला काय रिकाम्या रानात जेवू घालायचं?"

"म्हातारीच्या नादी कोण लागंल?" म्हणत नवरा चहाला निघून गेला.

तूर उभीच राहिली. गावात दुसऱ्या कुणाचीच पिकली नव्हती, त्यामुळं शिवारातले सगळे पोपट हिच्याच रानात. सोजर रोज डबा बडवत, ओरडत बांधावर उभी.

येळवशीला तुरीतच पूजेसाठी कडब्याची खोपटी, कोपी केली, पूजा झाली, शेजारीपाजारी भज्जी-भाकरीला बसले. उन्हानं शेंगा तडकून दाणे जमिनीच्या भेगांत पडत होते. सासूनं एक दाणा उचलून सगळ्यांना दाखवला.

"बघा, काढायच्या आधीच गळतंय. बियाणंच खोटं."

"बरं झालं, आम्ही पेरलं न्हाई," शेजारी म्हणाला.

सोजर बोलायला गेली. पण पोपटांवर ओरडून ओरडून तिचा घसाच बसला होता.