देव्हाऱ्यातलं नाणं

निकिता दहावीत होती आणि तिला ग्रीकांचं वेड लागलं होतं. सातवीत असताना शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीत तिला एक फाटकं पुस्तक मिळालं. त्यात ट्रॉयच्या लढाईची दहा पानं होती, अकरावं नव्हतं. पुढे काय झालं ते बघायला तिनं वडिलांचा मोबाईल घेतला आणि तेव्हापासून ती त्यातच गुंतली. अथेन्स आणि स्पार्टाची भांडणं तिला गावातल्या भावकीच्या भांडणांइतकी पाठ झाली. वहीच्या मागच्या पानांवर तिनं ग्रीक अक्षरं गिरवली. गोठ्यातल्या कालवडीचं नाव तिनं आयो ठेवलं, कारण ग्रीकांच्या गोष्टीत आयो नावाच्या पोरीची गाय होते. तिची 'आयो, आयो' अशी हाक ऐकून आईला वाटायचं, पोरगी उगाच कण्हते.

जामखेडच्या अलीकडच्या त्या गावात तिचं हे सगळं ऐकून घेणारं एकच माणूस होतं, शेजारच्या घरातली तिची थोरली चुलती मुक्ताबाई. साठी उलटलेली, मूलबाळ नाही, नवरा बन्सी जाऊन अकरा वर्षं झालेली. निकिता तिला मोठीआई म्हणायची. शाळा सुटली की ती मोठीआईच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलायला बसायची आणि गोष्ट सांगायची. पाताळाच्या राजानं पोरगी पळवली म्हणून तिच्या आईनं साऱ्या जगाचं पीक थांबवलं, ही गोष्ट मुक्ताबाईनं तीनदा सांगायला लावली होती.

"बरं केलं तिनं," ती म्हणायची. "त्याबिगर देव आईकत न्हाईत."

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या सकाळी मुक्ताबाईनं देव घासायला निकिताला बोलावलं. खंडोबाची तळी भरायला भावकीतल्या पाच-सहा बाया जमल्या होत्या. ताम्हनात देवांची चित्रं कोरलेले चांदीचे टाक ठेवले होते आणि निकिता एकेक टाक चिंचेनं घासत होती. त्यात एक गोल, जाडसर टाक होता. त्याच्यावर हळदीचा इतका थर बसला होता की नुसता पिवळा ठिपका दिसायचा. सगळे त्याला विहिरीतला खंडोबा म्हणत.

निकितानं तो जोर लावून घासला. आधी एक नाक दिसलं, मग मिशी. मग कडेला बारीक खुणा दिसल्या. दोन खांबांवर आडवी तुळई ठेवावी तशी एक खूण होती. गणितातलं पाय हे ग्रीक अक्षर. तिनं टाक उजेडात धरला. शेजारी आणखी अक्षरं होती, झिजलेली, पण तिच्या वहीतली. मागच्या बाजूला बाण होता. असं नाणं तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी इकडे क्षत्रप राजे होते. त्यांतल्या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं असत.

तिनं टाक पुसून पुन्हा उजेडात धरला.

"मोठीआई, हा खंडोबा न्हाईच," ती मोठ्यानं म्हणाली. "हे नाणं हाय. एका राजाचं. ह्याच्यावर ग्रीक अक्षरं हायेत, मला वाचता येतात."

रंगुबाई, मुक्ताबाईची जाऊ, हसली. "म्हंजी इतकी वर्सं मुक्ताबाई पैशालाच निवद दावीत हुती व्हय?"

बाकीच्या बायाही हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण सगळ्या हसल्या. मुक्ताबाईनं पदर सारखा केला. "तळी उचला, उशीर व्हतोय," ती म्हणाली. तळी उचलली गेली, भंडारा उधळला गेला. निकिताचं लक्ष कशातच नव्हतं. ती मनातल्या मनात अक्षरं जुळवत होती.

बाया गेल्यावर मुक्ताबाईनं तो टाक फडक्यात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

"ने. तुला त्यातलं कळतं."

मोठीआई तिच्याकडे बघत नव्हती, हे निकिताला दिसलं होतं. नको म्हणायला हवं, हेही तिला कळलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा ती अक्षरं कागदावर नाही, तर तिच्या तळहातावर होती. तिनं मूठ मिटली आणि घरी निघून आली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सुनील सरांनी भिंग लावून नाणं पाहिलं, फोटो काढले, नगरच्या एका जाणकाराला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. नाणं नहपानाचंच होतं. सरांनी वर्गासमोर तिची पाठ थोपटली. घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"ते तू आणलंस? तुला म्हाईत हाय का ते कुठलं?"

मग आईनं सांगितलं. बन्सीतात्या विहीर खणत होते तेव्हा चार हात खोल गेल्यावर ते मातीत सापडलं. खाली नुसता खडक, जागा बदल, असं सगळे म्हणत होते. देव इथं दिसला, मी हितंच खणणार, असं म्हणून तात्या महिनाभर एकटे पहार मारत राहिले आणि शेवटी पाणी लागलं. तात्या गेल्यावर मोठीआई त्या टाकापुढे बसूनच दिवसभराचं बोलायची.

निकिताला जेवण गेलं नाही. तिला बायांचं हसणं पुन्हा पुन्हा आठवत होतं. पण त्याहून जास्त आठवत होती ती स्वतःची मिटलेली मूठ. हसल्या त्या बाया. नेलं मात्र तिनं.

सकाळी ती नाणं घेऊन गेली. मुक्ताबाई अंगण झाडत होती.

"मोठीआई, माझं चुकलं. मी नीट वाचलं न्हाई. तो खंडोबाच हाय."

मुक्ताबाईनं खराटा भिंतीला टेकवला. "खोटं बोलू नगं, निके. तुला अक्षरं येत्यात. इतक्या दिवस मला गोष्टी सांगितल्यास, त्या काय खोट्या हुत्या?"

"मग परत ठेव ना देव्हाऱ्यात. कुणाला काय करायचंय?"

"मनातल्या मनात ठिवून बघितला की," मुक्ताबाई म्हणाली. "काल सांजला दिवा लावला. हात जोडाया गेले, तर तो राजाच डोळ्यापुढं. आता हात जुळत न्हाईत. तुझा दोष न्हाई त्यात."

पण दोष होता, आणि ते दोघींनाही माहीत होतं. निकिता रडायला लागली. बायांदेखत बोलायला नको होतं, नाणं घ्यायलाही नको होतं, असं काहीतरी ती हुंदक्यात म्हणत राहिली. मुक्ताबाईनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "ह्यांना कळलं असतं तर काय म्हनले असते, सांग बरं."

तात्या निकिताला फारसे आठवतही नव्हते.

"हसले असते," मुक्ताबाई म्हणाली. "म्हनले असते, राजा तर राजा, पानी दाखवलं ना." तिनं हात पुढे केला. "आन हिकडं. देव म्हनून न्हाई. त्यांनी दिलेली वस्तू म्हनून ठिवते."

तिनं नाणं फडक्यातून काढलं, अंगठा राजाच्या नाकावरून फिरवला आणि आत जाऊन ट्रंकेत बन्सीच्या पटक्याच्या घडीत ठेवलं.

सुनील सरांनी नंतर दोनदा विचारलं की नाणं शाळेच्या प्रदर्शनात ठेवू या का. निकितानं सांगितलं, ते माझं नाही. मोठीआईकडे ती पूर्वीसारखीच जाते, शेंगा सोलते, दोघी बोलतात. पण दिवेलागण होण्याआधी ती उठते. मोठीआई देव्हाऱ्यापुढे जाते आणि दिवा लावून लगेच परत येते. पूर्वी तिथं तिला घटकाभर वेळ लागायचा.