पंजाखालचा नमस्कार

एस्प्लनेडजवळच्या एका जुन्या इमारतीत जुईची बालवाडी होती. दारावर इंग्रज साहेबांच्या काळातलं दगडी राजचिन्ह कोरलेलं होतं. मधे ढाल, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला एका शिंगाचा घोडा. जुईच्या मते तो दुर्गेचाच सिंह. त्यामुळे ती रोज त्याच्या पंजाखाली थांबून उंबऱ्याला नमस्कार करायची आणि अख्खा श्लोक म्हणायची. अर्धवट सोडायचा नाही, हे तिला तिच्या आईनेच, देवयानीनेच, शिकवलं होतं.

आज पायरीवर चुन्याची ताजी भुकटी दिसली. देवयानीने वर पाहिलं. पंजाच्या मुळाशी बोट जाईल एवढी चीर पडली होती.

"भैया, वो शेर गिरेगा," ती दरवानाला म्हणाली.

"मेरे बाप के ज़माने से गिर रहा है, दीदी," तो हसला.

तेवढ्यात जुई हात सोडवून उंबऱ्याशी वाकलीसुद्धा. देवयानी धावली.

"ऊठ बाळा, चल."

"थांब ना आई, संपलं नाहीये."

ओढावं तर ही भोकाड पसरून तिथेच बसणार. देवयानी तिच्यावर छपरासारखी ओणवी झाली. मानेवर काहीतरी बारीक पडलं. श्लोक संपताच तिने लेकीला उचललं आणि थेट रस्त्यापलीकडे नेलं.

"शाळा?"

"सिंह खाली उतरवल्यावर. तोवर इथूनच नमस्कार."

"त्याला दिसेल?"

"दिसेल," देवयानी म्हणाली. आणि तिनेही सिंहाकडे पाहून हात जोडले.