कूलरच्या खोलीतली भूर्जपत्रं

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर अब्बा काश्मीरची जुनी शारदा लिपी शिकले, ते एका शालवाल्याने दिलेल्या भूर्जपत्रांच्या जुडीसाठी. पानं एकमेकांना चिकटली होती. कोरड्या हवेत उलगडली तर ती मोडतात, म्हणून मे महिन्यात त्यांनी जुडी कूलरच्या खोलीत ठेवली आणि स्वतः बाहेर पंख्याखाली झोपू लागले.

"आमच्यापेक्षा पानायचेच लाड," अम्मी हसायची.

"ओल मुरू दे, बेटा," अब्बा मला फोनवर म्हणाले होते. "तू आली की पह्यलं पान मिळून वाचू."

मी पोचले ती त्यांच्या मयतीला.

पाहुणे गेल्यावर त्या खोलीत शिरले. कूलर बंद होता. जुडीच्या कडा वर वळल्या होत्या. मी हात लावला आणि वरचं पान अक्षरांसकट तडकलं, तळहातावर चुरा उरला.

"अम्मी, कूलर?"

"मीच बंद केला. आता तिथी कोन जाते?" मग माझ्या तळहाताकडे पाहून ती थबकली. "काऊन, काही बिघडलं का?"

"नाई, अम्मी."

चुऱ्यात एक अक्षर शाबूत होतं. मी ते उजेडात धरून पाहत राहिले. मला ती लिपी येत नव्हती.