सातवा हात

येडेश्वरीच्या दर्शनाला गाडी निघते म्हटल्यावर मी काही चौकशी केली नाही. देवीच्या नावानं बोलावणं आलं की चौकशी करायची आपल्याकडं रीतच नाही. ग्रामपंचायतीचे मेंबर जोडीनं येरमाळ्याला चालले होते आणि माझ्या नवऱ्यानं, बालाजीनं, माझ्या आधी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला तिथंच शंका यायला हवी होती. हा माणूस स्वतःच्या हळदीलाही चुरगळलेल्या बनियनवर बसला होता.

गाडीत आम्ही सात मेंबर. सरपंच धुरपदामावशी नव्हत्या आणि म्हातारे मेंबर चन्नबसप्पाही नव्हते.

"ते मागच्या गाडीनं यायलेत," उपसरपंच कृष्णराज म्हणाला. मी तुळजापूर येईपर्यंत चार वेळा मागं वळून पाहिलं. मागं उसाचे ट्रॅक्टर होते, दुसरं काही नव्हतं.

आमचं गाव मुरूमच्या बाजूला. गावाबाहेर मेंढपाळांची वस्ती, तिथून मी निवडून आलेली. वस्तीच्या पाठीशी गायरानाची टेकडी आहे. मेंढरं तिच्यावर चरतात आणि तिच्या पायथ्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. ही टेकडी खडी क्रशरवाल्या शिवलिंगअप्पांना फोडायला हवी होती. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव लागतो, आणि धुरपदामावशी दोन वर्षं त्यावर सही करत नव्हत्या. सही करत नाही म्हणजे सरपंच बदलायचा, इतकं साधं गणित. अविश्वासाची नोटीस तहसीलदाराकडं गेलीच होती. सरपंच धरून आम्ही नऊ जण, ठराव मंजूर व्हायला सात हात पाहिजेत. मग तो गावासमोर गुप्त मतदानाला जातो, कारण सरपंच थेट लोकांनी निवडलेला. सहा हात अप्पांकडं होते. सातवा माझा, आणि तो मी देणार नाही हे मी चावडीवर सगळ्यांच्या देखत सांगून बसले होते. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं.

येरमाळ्याला दर्शन छान झालं. खाली उतरल्यावर कृष्णराजनं पिशवीतून ताटली काढली. त्यात भंडारा, वर बेलाचं पान.

"देवीच्या दारात आलोच हाओत, तर समद्यांनी उचला," तो म्हणाला. "एकजुटीनं ऱ्हायचं आन् गावाचं भलं करायचं. दुसरं काय न्हाय."

सगळ्यांनी चिमूट उचलली, कपाळाला लावली. मीही उचलली. गावाचं भलं करीन, एवढंच तर म्हणायचं होतं. देवीसमोर उभं राहून मी गावाचं भलं करणार नाही म्हणून कोण सांगेल? आमच्यात भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. कागदावरची सही फिरवता येते, भंडारा फिरवता येत नाही.

गाडी सुरू झाली तसं कृष्णराजनं पुढच्या सीटवरून मान वळवली. "श्रीदेवीवहिनी, आता आपण सात झालो बरं का. गावाचं भलं म्हणजे धुरपदाबाई खाली."

"मी असं कुठं म्हणाले?"

"उचलला का न्हाय? मग झालं."

मी बालाजीकडं पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काय होतं देव जाणे. मला इतका संताप आला की रडूच फुटलं, आणि रडू फुटल्याचा आणखी संताप आला.

गाडी घरी गेली नाही. नळदुर्गच्या अलीकडं हायवेवर एका ढाब्यामागं लॉज आहे, तिथं आमचा मुक्काम. मीटिंग परवा, तोवर सगळ्यांनी इथंच. फोन 'चार्जिंगला लावतो' म्हणून गोळा केले ते परत आलेच नाहीत. बाकीच्या मेंबरांना त्याचं काही नव्हतं. पुरुष पत्ते घेऊन बसले, बाया दिवसातून दोनदा केस धुऊ लागल्या, आयतं गरम पाणी मिळतंय म्हणून. दाराला कुलूप नव्हतं, फाटकावर राखणदार नव्हता. मला आधी वाटलं, विसरले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवलिंगअप्पा आले. पांढरे कपडे, हळू आवाज. सगळ्यांची विचारपूस केली, जेवण बरं आहे का, डास चावतात का. माझ्यापाशी येऊन खुर्ची ओढून बसले.

"ताई, लई रागावलाव म्हणं."

"तुमच्या पैशापायी गावाचं वाटोळं झालंय अप्पा," मी म्हणाले. "माणसं विकत घेता आणि वर डास चावतात का विचारता!"

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

"म्या कुणाच्या घरात घुसलो न्हाय, ताई. म्या दारात हुबा ऱ्हातो. दार आतून उघडतंय. आता तुमचंच बघा. तुमची वस्ती तुमाला मत देताना काय म्हनली?"

"शिकलेली सून आहे, बोलणारी आहे, म्हणून दिलं."

"आन् आदल्या दिवशी जेवण झालं ते?"

बालाजीनं बोकड कापलं होतं. घरोघरी शेळ्यामेंढ्या बाळगणारी माणसं, पण फुकटच्या रश्श्यावर अशी तुटून पडली होती की शेवटच्या पंगतीला नुसतं पाणी राहिलं.

"बोकड माझंच व्हतं, ताई," अप्पा म्हणाले. "न्हाय दिलं असतं तर त्यांनी दुसऱ्याचं खाल्लं असतं आन् दुसरा मेंबर झाला असता. सांगा, यात माझा कसूर किती आन् तुमच्या लोकांचा किती?"

मी बालाजीकडं बघितलं तर तो चटकन मुतारीकडं निघून गेला. म्हणजे खरं होतं. ज्या मतांच्या जोरावर मी अप्पांना नाही म्हणत होते, ती अप्पांच्याच बोकडाची होती.

तरी मी हरले नव्हते. वस्तीची माणसं खाण्याला हावरी असतील, पण टेकडीवर हात पडला तर गप्प बसायची नाहीत, अशी माझी खात्री होती. पंचवीस माणसं टेम्पोतून आली आणि म्हणाली, 'आमची मेंबर आमच्या ताब्यात द्या,' तर अप्पा काय करतील? ढाब्यावर भाकरी थापायला नागूबाई म्हणून होती. तिच्याकडं फोन मागितला.

"घ्या की," ती पिठाचे हात झटकत म्हणाली. "हितं सारखी कुठली ना कुठली मेंबरं आणून ठिवत्यात. बाया समद्या माझ्याच फोनवरनं रडत्यात."

मी सासूबाईंना फोन लावला. माझ्या सासूबाई, विठाबाई, वस्तीत त्यांचा शब्द चालतो.

"आत्याबाई, मला फसवून ठेवलंय. माणसं घेऊन या. नाही आलात तर टेकडी जाईल."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"श्रीदेवी, तू हात वर कर," त्या म्हणाल्या. "अप्पा बिरोबाला सभामंडप बांधून देणार हायत. काल देवापुढं समद्या वस्तीनं भंडारा उचलला, घरटी एक माणूस. गावाचं मतदान आलं की आमीबी धुरपदाच्या इरोधातच टाकणार. म्याबी उचललाय."

"आणि मेंढरं कुठं चारायची?"

"मेंढरं ऱ्हायलीत किती? पोरं समदी पुण्याला कंपनीत. माझ्या लग्नापासनं देव उन्हात बसलाय, गं. इतकी मतं दिली, इतके पुढारी येऊन गेले, कुणी त्याच्या डोक्यावर पत्रा तरी घातला का? ह्यो घालाय लागलाय."

"आत्याबाई, पत्र्यासाठी डोंगर देता?"

"मग कशासाठी देऊ? कुणी दुसरं काय दिलंय?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "पोरी, तू मोडलंस तर वस्तीची शपथ मोडती. उद्या कुणाचं मेंढरू मेलं, कुणाची लेक अडली, समदं तुझ्या नावावर येतंय. तुला वाळीत टाकतील. म्या किती जनांची तोंडं धरू?"

नागूबाईला फोन परत दिला आणि मी तशीच फाटकातून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. हायवेवर उभी राहिले तर उमरग्याची एसटी आली, थांबलीसुद्धा. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "कुठं?"

घरी जायचं म्हणजे वस्तीत जायचं. वस्तीत सगळे भंडारा लावून बसलेले. माहेरी जायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी दारात उभा. मला गावाचं नाव सांगता येईना.

"बाई, ठरवून मग हात दाखवत जा की!" कंडक्टर खेकसला आणि बस गेली. कुलूप का नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

बालाजी मागून आला. "चल आत. म्या काय एकटा हाय का? समदेच हायत."

"म्हणूनच तर," मी म्हणाले. आणि मी त्याच्या पुढं होऊन फाटकातून आत गेले.

मीटिंगच्या दिवशी आम्हाला थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवलं. बाहेर सगळं गाव जमलेलं, आमची वस्ती सगळ्यांत पुढं. आत तहसीलदारांनी ठराव वाचला. समोर धुरपदामावशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मान हलवली, बरी आहेस का म्हणून विचारावं तशी.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

सहा हात वर गेले. माझा उजवा हात मी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. मला देवीची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. सासूबाईंची त्याहून जास्त वाटत होती. कृष्णराज डोळे वटारत होता, खिडकीच्या गजाला बालाजी चिकटला होता. पण हात वर गेला नाही. टेकडी देणं हे गावाचं भलं नव्हे, एवढं मला कळत होतं, आणि ते देवीलाही कळत असेल असं मी धरून चालले.

"सहा," तहसीलदार म्हणाले. "म्हणजे ठराव..."

"साहेब," धुरपदामावशी उठल्या, "मला मत हाय ना?"

"आहे. सरपंचालाही मत देता येतं."

"मग सातवा माझा धरा."

"बाई, काय करायलीस?" चन्नबसप्पा ओरडले.

मावशींचा हात वरच होता. त्या माझ्याशी बोलल्या. "तुला त्याच वस्तीत नांदायचंय, श्रीदेवी. ठराव तुझ्यापायी पडला म्हनल्यावर तुला जगू देतील का? आन् टेकडी काय माझ्या बापाची न्हाय. ज्यांची हाय त्यांनी देवापुढं देऊन टाकली. मला समदं कळलंय."

"मावशी, मी तुमच्यासाठी..."

"ठाऊक हाय. बस खाली."

तहसीलदारांनी सात लिहिलं.

बाहेर आले तर हलगी वाजत होती. सासूबाईंनी गर्दीतून येऊन मला मिठी मारली. वस्तीच्या बाया माझ्या पाया पडू लागल्या, माझ्याहून मोठ्यासुद्धा. बालाजी पायरीवर उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, "सातवा आमच्या हिचाच!"

"आत्याबाई," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "सातवा हात माझा नव्हता. मी केलाच नाही वर."

त्यांनी मिठी सोडली नाही. उलट इतकी आवळली की मला श्वास घेता येईना, आणि हलगीच्या आवाजात फक्त मला ऐकू येईल असं त्या म्हणाल्या, "तुझाच व्हता. समद्यांनी बघितलाय."